मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलल्यावर विंडोज पुन्हा टाकावीच लागते का?

नाही. दुकानदार 'फॉरमॅट मारावाच लागेल' म्हणतोय, पण लगेच हो म्हणू नका. तुम्ही इंटेलच्या सहाव्या पिढीच्या आय५ वरून एएमडीच्या रायझन ५ ५६००जी प्रोसेसरवर आणि बी५५० बोर्डवर जाताय, एसएसडी (विंडोज आणि डेटा असलेली डिस्क) तीच ठेवताय आणि टॅली, जीएसटीचं सगळं काम तिच्यावरच आहे. अशा वेळी आधी आहे तीच विंडोज १० चालू करून बघावी.

नुसती रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं असतं तर प्रश्नच नव्हता. मदरबोर्डची धास्ती आली ती विंडोज एक्सपीच्या काळातून. तेव्हा बोर्ड बदलला की विंडोजला डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सापडायचा नाही आणि निळी स्क्रीन यायची. विंडोज १० मध्ये साटा आणि एनव्हीएमई या डिस्क जोडायच्या दोन्ही पद्धतींचे सर्वसाधारण ड्रायव्हर आतच असतात. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, एखाददुसरा रीस्टार्ट होतो आणि बहुतेक वेळा डेस्कटॉप समोर येतो.

खरी काळजी घ्यायची ती कॅबिनेट उघडण्याआधी. टॅलीचा परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो, म्हणून जुन्या बोर्डवर असतानाच तो टॅलीमधूनच सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवून घ्या. कंपन्यांच्या डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का तेही बघा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड बदलला की टीपीएम (ते कुलूप सांभाळणारी सुरक्षा चिप) बदलतो आणि विंडोज ती की मागते. ती नसेल तर डेटा गेलाच समजा, आणि तो कोणताही दुकानदार परत आणून देऊ शकत नाही.

विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या, म्हणजे नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमधून 'हार्डवेअर बदललं' असं सांगता येतं. मात्र परवाना संगणकासोबत आलेला ओईएम असेल तर तो जुन्या बोर्डपुरताच असतो, नवा घ्यावा लागेल. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) दिसली, तर बॅकअपनंतर एमबीआर२जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने ती जीपीटी (नवी पद्धत) करा. नाहीतर यूईएफआयवर (संगणक सुरू करायच्या नव्या पद्धतीवर) चालणाऱ्या नव्या बोर्डवर विंडोज बहुधा बूटच होणार नाही.

सुरू झाल्यावर नव्या बोर्डसाठीचे एएमडीचे चिपसेट ड्रायव्हर टाका आणि इंटेलची ग्राफिक्स वगैरे सॉफ्टवेअर काढून टाका. मग काही दिवस नेहमीचं काम करा. मशीन मधेच अडकत असेल किंवा निळी स्क्रीन पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र ठिगळं लावत बसू नका, सरळ नवी विंडोज टाका.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुमच्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नव्हती, नव्याला चालते. मशीन स्थिर वाटली की आतूनच ११ वर अपग्रेड करा, प्रोग्राम आणि फाइली जागेवर राहतात. फक्त हे सगळं जीएसटी रिटर्न भरायच्या तारखांच्या, म्हणजे जीएसटीआर-१ च्या ११ तारखेच्या आणि ३बी च्या २० तारखेच्या तोंडावर काढू नका.