वर्तन, वर्तणूक की वागणूक?

विचारणा अशी: समाजशास्त्राच्या पुस्तकांत 'मानवी वर्तन' असतं, 'मानवी वागणूक' का नसते? अर्थ तर एकच.

एकच नाही. क्रियापद लावून बघा. वर्तन 'करतात', वागणूक 'देतात', नाहीतर 'मिळते'. वर्तनाला एक माणूस पुरतो, ते बाहेरून बघता येतं, मोजता येतं, म्हणून शास्त्राला सोयीचं. वागणुकीला बहुधा दोघं लागतात. ('त्याची वागणूक ठीक नाही' म्हणताना एकटाच असतो खरा, पण तिथेही त्रास झालेला कुणीतरी बोलत असतो.) 'वर्तणूक' आता मुख्यतः दाखल्यापुरती उरली आहे.

सर्वेक्षणात हा फरक चांगलाच नडतो. 'कर्मचाऱ्यांचे रुग्णांशी वर्तन कसे आहे?' असं विचारलं की 'चांगलं आहे' म्हणून माणूस मोकळा होतो. 'दवाखान्यात तुम्हाला कसं वागवतात?' विचारा, किती वेळ उभं ठेवलं, कोण अरे-तुरे करतं, हे निघायला लागतं. 'वागवणे' म्हणजे ओझं बाळगणंही: 'ऊन पडलंय, छत्री कशाला वागवतोस?'

1871चा गुन्हेगार जमाती कायदा घ्या. त्याने अख्ख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पोलिसांत हजेरी लावली. 1952मध्ये तो रद्द झाला, त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. सरकारी कागदांत त्यांचं वर्तन सापडतं. त्यांना मिळालेली वागणूक वाचायची तर लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (1987) हे आत्मकथन उघडावं लागतं. तिथे चोरीही आहे. तिच्या आधीची भूक आणि नंतरचा पोलिसांचा मारही आहे. अभ्यासकाने नुसतं 'वर्तन' टिपलं तर पानावर चोरी तेवढी राहते.

गंमत म्हणजे व्युत्पत्तीत वर्तन आणि माणसाची कहाणी यांची फारकत नाही. 'वर्तन' संस्कृत 'वृत्' धातूचं. वृत्ती, प्रवृत्ती आणि वृत्त त्याच घरातले. म्हणजे महर्षी कर्व्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलेलं 'आत्मवृत्त' हे नाव वर्तनाचं सख्खं भावंड.

लिहिताना एक चूक सर्रास होते. 'वागणूक', 'वर्तणूक' यांत 'णू' दीर्घ, फसवणूक-मिरवणुकीसारखाच. पण विभक्ती लागली की ऱ्हस्व: वागणुकीचा, वर्तणुकीचा. 'वर्तणूकीचा दाखला' असं छापलेलं दिसलं तर ते चूक.