विरलीकरणाचं सूत्र टायट्रेशनला का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की ०.१ मोलरच्या २५ मिली सल्फ्युरिक ॲसिडला पुरतं संपवायला (हेच टायट्रेशन) ०.१ मोलर कॉस्टिक सोडा किती लागेल, याचं उत्तर एम१व्ही१ = एम२व्ही२ ने (एम म्हणजे मोलॅरिटी, लिटरमागे किती मोल; व्ही म्हणजे आकारमान) २५ मिली येतं आणि पुस्तकात ५० दिलंय. पुस्तक बरोबर आहे.

ते सूत्र फक्त पाणी घालून द्रावण पातळ करण्यापुरतं, म्हणजे विरलीकरणापुरतं. मी यवतमाळकडच्या खेड्यात अकरावी-बारावीला शिकवतो. तिथं कपाशी फवारणारं पोरगंही जाणतं की पंपात ३० मिली औषध टाकून वरून १५ लिटरपर्यंत पाणी भरलं तरी औषध ३० मिलीच राहतं. मोलचंही (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजायचं माप) तसंच, म्हणून सूत्राच्या दोन्ही बाजू सारख्या.

अभिक्रियेत मात्र मोल संपतात, आणि कोणाचे किती संपतील ते समीकरण ठरवतं. सल्फ्युरिकचा एक मोल सोड्याचे दोन मोल संपवतो. मोलॅरिटीला मिलीने गुणलं की मिलिमोल मिळतात: २५ × ०.१ = २.५. सोडा दुप्पट, म्हणजे ५ मिलिमोल. भागिले ०.१, आले ५० मिली. (जुने सर एन१व्ही१ = एन२व्ही२ लावतात आणि त्यांचं उत्तर बरोबर येतं, कारण एन म्हणजे नॉर्मॅलिटीत ॲसिडचा एक मोल किती हायड्रोजन देतो तेही धरलेलं असतं, म्हणून ०.१ मोलर सल्फ्युरिक ०.२ नॉर्मल असतं. तो दोन आधीच आत बसलेला असतो. मला ती पद्धत आवडत नाही, समीकरण न बघताच गणित सुटतं.)

खरे मार्क जातात ते पुढच्या प्रकारात. ०.२ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) ५० मिली, त्यात ०.१ मोलर कॉस्टिक सोडा ५० मिली; उरलेल्या ॲसिडची मोलॅरिटी किती? ॲसिड १० मिलिमोल, सोडा ५. एकास एक संपून ॲसिड ५ उरलं. आता भागायचं १०० ने, कारण भांड्यात दोन्ही द्रावणं आहेत, उत्तर ०.०५ मोलर. पोरं सवयीनं ५० ने भागतात. एचसीएलमधला क्लोराइड विचारला तर मात्र ०.१ मोलर, कारण तो कशाशीच अभिक्रिया करत नाही, त्याचे १० मिलिमोल शाबूत असतात.

प्रॅक्टिकलला १२ मोलर एचसीएलपासून ०.५ मोलरचं ५०० मिली करायचं असेल तर ॲसिड २०.८ मिली येतं. ते ५०० मिली पाण्यात ओतू नका. फ्लास्कमध्ये आधी थोडं पाणी घ्या, त्यात ॲसिड हळूहळू ओता, गार होऊ द्या, मग खुणेपर्यंत पाणी भरा.