पावर वाढवली की खोकला जाईल का?

प्रश्न : डॉक्टर, आईला (वय ६१) आधी सर्दी झाली आणि मग खोकला लागला, आज २४ दिवस झाले. मेडिकलमधून अझिथ्रोच्या ३ गोळ्या आणल्या, नंतर फॅमिली डॉक्टरांनी ५ दिवस अमॉक्सी-क्लॅव्ह दिलं, फरक नाही. बेडका पिवळा पडतो. शेजारच्या काकूंना लिव्होफ्लॉक्स या जास्त पावरच्या अँटिबायोटिकने २ दिवसात बरं वाटलं होतं. तेच देऊ का?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : नको ताई, एवढ्यात नको. सर्दीनंतरचा खोकला बहुतेक वेळा व्हायरसचा असतो आणि अँटिबायोटिक व्हायरसला काहीच करत नाही, मग पावर कितीही वाढवा. श्वासनळीचं आतलं अस्तर सोललेलं असतं, ते भरून यायला २-३ आठवडे सहज जातात, तोवर माणूस खोकतच राहतो. आणि पिवळा बेडका म्हणजे इन्फेक्शन वाढलं हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो मी. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट एन्झाईमचा असतो, व्हायरस असला तरी येतो.

पण लिव्होफ्लॉक्सला नको म्हणतोय ते वेगळ्याच कारणाने. हे औषध टीबीच्या जंतूंवरही चालतं, औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत ते वापरतातच. आता समजा आईंना टीबी असेल (असेलच असं नाही, घाबरू नका) तर ८ दिवसात ताप उतरेल, भूक लागेल, सगळे म्हणतील बरं झालं, आणि जंतू मात्र आतच, तपासणीत बेडका निगेटिव्ह यायचीही शक्यता, निदान लांबणीवर. टीबीला एकटं औषध पुरत नाही, ३-४ औषधं मिळून निदान ६ महिने घ्यावी लागतात. म्हणून २ आठवड्यांच्या वर खोकला गेला की आधी बेडका तपासायचा, सरकारी दवाखान्यात फुकट होतो, आणि छातीचा एक्स-रे. बीपीची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी खोकला येतो. धाप लागली, बेडक्यात रक्त दिसलं किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : वडील निमोनियाने ॲडमिट आहेत, आठवडाभर सलाईनमधून अँटिबायोटिक चालूय तरी ताप हटत नाही. डॉक्टर छातीत नळी टाकायची म्हणतात. त्यापेक्षा भारी इंजेक्शन द्या म्हणून आग्रह धरू का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, नळीला बहुतेक फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पू झाल्यामुळेच म्हणत असतील, सोनोग्राफीत काय दिसलं ते एकदा नीट विचारा. औषध रक्तातून जातं आणि पुवाच्या साठ्यात रक्तच फिरत नाही, त्यात तो पू आंबट, जंतू सुस्त पडलेले, कितीतरी औषधांचा जोर तिथे संपतो. हिपोक्रेटिसच्या काळापासून यावर पू बाहेर काढणं हाच इलाज आहे, अँटिबायोटिक आलं म्हणून तो सुटला नाही, फक्त दोन्ही मिळून करायचं. उशीर झाला की पू घट्ट होतो, आत जाळी धरते, मग नळीनेही भागत नाही, ऑपरेशन करावं लागतं. तेव्हा आग्रह धरायचाच तर नळी आजच टाका असा धरा. आणि घरी आल्यावर एक्स-रेत डाग दिसला म्हणून परत अँटिबायोटिक मागू नका, या वयात तो पुसायला दीड-दोन महिनेही लागतात.