'प्रतिकृती' की 'रूपांतर'?

नागपुरात धरमपेठेतल्या एका चित्रकला शिक्षिकेनं विचारलंय: मुलांनी राजा रविवर्मांची 'हंस-दमयंती' त्रिकोण, वर्तुळं आणि सपाट रंगांत नव्यानं काढली आहे. प्रदर्शनात चित्राखाली 'भूमितिक प्रतिकृती' लिहिलं तर चालेल का?

ताई, 'प्रतिकृती' अजिबात नको. अजब बंगल्यातल्या, म्हणजे आपल्या संग्रहालयातल्या, एखाद्या मूर्तीचा प्लास्टरमध्ये साचा काढून तशीच दुसरी घडवली, तर ती प्रतिकृती. तिची परीक्षा हुबेहूबपणावर होते. तुमच्या मुलांनी तर हुबेहूबपण मुद्दाम सोडलंय. त्रिकोणी पंखांच्या हंसाखाली हा शब्द दिसला, की पाहणारा म्हणणार, 'हे तं तसं दिसत नाही नं!' शब्द चुकेल आपला आणि बोल लागेल मुलांना.

'रूपांतर' लिहा. यातलं 'अंतर' म्हणजे धरमपेठ ते सीताबर्डी असतं ते अंतर नव्हे. समासाच्या शेवटी येणाऱ्या या 'अंतर'चा अर्थ 'दुसरा': देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप. दमयंती तीच, रूप दुसरं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. स्पॅनिश चित्रकार वेलास्केसच्या १६५६ मधल्या 'लास मेनिनास'वरून पिकासोनं १९५७ साली चित्रमालिका केली. मूळ चित्र उभं, पिकासोचं पहिलं मोठं चित्र आडवं आणि करड्या छटांचं. राजवाड्यातल्या दांडग्या कुत्र्याच्या जागी त्याचा लाडका, आखूड पायांचा लंप. त्याला प्रतिकृती कोण म्हणेल?

'भूमितिक' मात्र चूक. 'इक' प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: भूगोल–भौगोलिक, नीती–नैतिक, तसंच भूमिती–भौमितिक. दहावीच्या गणितात 'भौमितिक रचना' आहेच. 'ईय' लावून 'भूमितीय' केलंत तर वृद्धीची गरज नाही, तेही शुद्ध.

कुणी 'घनवादी' (क्युबिस्ट) सुचवलं तर थांबा. घनवादात एकाच वस्तूच्या अनेक बाजू एकदम दिसतात. नुसत्या सपाट त्रिकोणांना ते नाव देऊ नये.

तेव्हा पाटीवर आधी मुलाचं किंवा मुलीचं नाव, आणि त्याखाली: राजा रविवर्मा यांच्या 'हंस-दमयंती'चे भौमितिक रूपांतर.