जुन्या गिटारचा ब्रिज (तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा) उचकटला आहे, आतल्या आधाराच्या पट्ट्याही सुटल्यात. फेविकॉलने चिकटवू का?

कृपया नको. गिटार शंभरेक वर्षांची असेल तर ती बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेली आहे, म्हणून सरसच वापरा. फेविकॉलसारखा पांढरा गोंद तारांच्या सततच्या ओढीखाली हळूहळू सरकतो, आणि पुढे कुणाला सांधा उघडायचा झाला तर लाकूडच फाटतं. सरस मात्र उष्णता आणि ओलाव्याने सुटतो.

सरसाचे दाणे थंड पाण्यात काही तास भिजवा, मग गरम पाण्यात भांडं ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसवर पातळ करा. उकळू देऊ नका, ताकद जाते. खरी अडचण वेळेची: सरस मिनिटभरात गोठू लागतो. म्हणून लाकूड आधी कोमट करा, शिकंजे कोरडेच लावून सराव करा, नंतर २४ तास हात लावू नका.

पॉलिश खरवडू नका, ही माझी कळकळीची विनंती. लपलेल्या जागी स्पिरिटचा थेंब लावून बघा. चिकट झालं तर ती चपडा लाख (स्पिरिटात विरघळणारं पॉलिश) आहे, तिच्यावर नवी लाख एकजीव होते.

आणि १९२० पूर्वीच्या बहुतेक गिटार आतड्याच्या तारांसाठी होत्या. स्टीलच्या तारा चढवल्यात तर ब्रिज पुन्हा उचकटेल, नायलॉनच्या लावा.