रेडमधला 'रिडंडंट' म्हणजे अनावश्यक नव्हे

प्रश्न असा आलाय की चार-पाच डिस्क एकत्र जोडून जे रेड (RAID, म्हणजे 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ आय... डिस्क्स', अ‍ॅरे म्हणजे संच) बनवतात त्यातला आय हा 'इनएक्स्पेन्सिव'चा की 'इंडिपेंडंट'चा, आणि आर म्हणजे 'रिडंडंट', त्याला मराठीत 'अनावश्यक' म्हटलेलं वाचलं ते बरोबर का.

साफ चूक. हे 'अनावश्यक' मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता संताप येतो. अहो, एक डिस्क मेली की ज्या जादा माहितीच्या जोरावर सगळा डेटा परत उभा राहतो ती अनावश्यक कशी? ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (रेडच्या वेगवेगळ्या पद्धतींना, म्हणजे पातळ्यांना, असे आकडे आहेत) लावल्या की वापरायला १२ टीबीच मिळतात, उरलेले ४ पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा हिशेबाने परत काढता येईल अशा जादा माहितीला, जातात आणि ती पॅरिटी चारही डिस्कवर वाटलेली असते, आणि तिच्या जोरावर कुठलीही एक गेली तरी चालतं.

आता शब्द बघा. लॅटिनमध्ये 'उंडा' म्हणजे लाट. त्याच्या आधी 'रे' म्हणजे परत, मध्ये उच्चारासाठी एक द घुसला, झालं 'रेडुंडारे', म्हणजे काठावरून सांडणं, उतू जाणं. 'अबंडंट' यातलाच, आणि 'सराउंड'सुद्धा यातलाच, त्याचा राउंडशी मुळात काही संबंध नाही! आणि ही उंडा आपल्याला परकी नाही. संस्कृतात 'उन्द्' धातू आहे, भिजवणे, त्याच घरातलं उदक, त्यातलाच समुद्र. इंग्रजी वॉटर, रशियन व्होडका, सगळी एकाच पाण्याची पोरं. कोकणात पाणमांजराला ऊद म्हणतात तो संस्कृत 'उद्र', आणि इंग्रजी 'ऑटर' त्याचा सख्खा भाऊ. (देवापुढे जाळायचा ऊद वेगळा, तो अरबी.) कुणीतरी 'उदंड'पण यात ओढेल म्हणून आधीच सांगतो, तो उद् अधिक दंड, त्यात पाण्याचा थेंब नाही.

तर सर्व्हरच्या डब्यात समुद्र बसलाय आणि आपण त्याला अनावश्यक म्हणतोय.

काही जण 'अतिरिक्त' सुचवतात. चालेल, पण त्यात 'रिक्त' आहे, रिच् म्हणजे रिकामं करणे, आणि इथे तर भांडं भरून वर आलंय. माझं मत विचाराल तर 'वरकड' घ्या. गरज भागून वर राहिलेलं ते वरकड, अस्सल मराठी शब्द, वरकड खर्च आपण म्हणतोच की. वरकड डिस्क, वरकड प्रत, किती छान बसतं!

हां, तो आय. मूळ शब्द इनएक्स्पेन्सिवच. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधाच्या शीर्षकातच तो आहे, आणि त्याला कारण आहे. त्यांनी समोर उभा केला होता 'स्लेड', म्हणजे सिंगल लार्ज एक्स्पेन्सिव डिस्क, मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या संस्थांच्या बड्या संगणकाची, ती अवाढव्य महागडी डिस्क, आणि म्हणणं हे की तिच्याऐवजी पीसीतल्या स्वस्त छोट्या डिस्क बऱ्याच लावा. एक्स्पेन्सिव विरुद्ध इनएक्स्पेन्सिव. नंतर विकणाऱ्यांनी इंडिपेंडंट केलं आणि आता पाठ्यपुस्तकंही तेच मुख्य अर्थ म्हणून छापतात, ते मला अजिबात मान्य नाही. रेड ० मध्ये डेटाचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटतात, त्यात एक डिस्क गेली की सगळ्यांचा डेटा जातो, याला स्वतंत्र म्हणायचं? आणि रेड ० मध्ये तर वरकड काहीच नसतं, त्या निबंधात पातळ्या १ ते ५ च होत्या, शून्य मागाहून चिकटलं.

खरोखर स्वतंत्र डिस्क हव्या असतील तर त्याला जेबॉड म्हणतात, जस्ट अ बंच ऑफ डिस्क्स, म्हणजे नुसत्या शेजारी ठेवलेल्या डिस्क, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. आणि 'रेड अ‍ॅरे' म्हणू नका, ए म्हणजेच अ‍ॅरे.