गायकाच्या डाव्या हाताला बसताना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

चेन्नईहून येणाऱ्या गायकांना माटुंग्यात पूर्ण कच्चेरीभर, म्हणजे कर्नाटक संगीताच्या संपूर्ण मैफिलीभर, व्हायोलिनची साथ करण्याचे तुझे ठरले, हे वाचून मला फार आनंद झाला. गायक त्याच दिवशी दुपारी पोहोचणार, तालीम होणार नाही, गाण्यांची यादीही हाती नाही, मग तयारी करायची तरी कशाची, असे तू विचारले आहेस. दुसऱ्याच्या गाण्याची तयारी करायची, असे माझे उत्तर आहे. आणि ती तुझ्या आजवरच्या रियाजापेक्षा बरीच वेगळी असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

तालमीशिवाय बसणे ही कर्नाटक संगीतातली जुनी रीत आहे. गायक, व्हायोलिनवादक आणि मृदंगवादक पुष्कळदा तंबोऱ्याशी श्रुती जुळवतानाच एकमेकांना भेटतात आणि तरीही अडीच तास एकत्र वाजवू शकतात, कारण कृती (बांधलेल्या रचना), ताल आणि कार्यक्रमाचा क्रम तिघांनाही आधीपासून ठाऊक असतो. आरंभी वर्णम् ही रागाचे रूप मांडणारी रचना, मग काही आटोपशीर कृती, मध्यावर विस्ताराने मांडलेली मुख्य कृती किंवा रागम्-तानम्-पल्लवी (आलाप, लयबद्ध आलाप आणि एका ओळीचा तालबद्ध विस्तार), त्यातच तनी आवर्तनम् (तालवाद्यांचे स्वतंत्र वादन) आणि शेवटी हलक्या रचना, असा आज रूढ असलेला क्रम घडवण्याचे श्रेय गायक अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांना दिले जाते. कोणती कृती येणार हे तुला ठाऊक नसले, तरी आपण कुठवर आलो आहोत आणि गायक आता किती विस्तार करतील, याचा अंदाज या क्रमावरून बांधता येतो.

कृतींच्या बाबतीत मात्र केवळ कृती येत असणे पुरेसे नाही. एकाच कृतीचे पाठ गुरुपरंपरेगणिक वेगळे असतात. कुणी पल्लवीच्या, म्हणजे कृतीच्या पहिल्या भागाच्या, ओळीवर पाच संगती (त्याच ओळीची सुरांनी सजवलेली निरनिराळी रूपे) घेतात, कुणी आठ, आणि त्यांचा चढता क्रमही बदलतो. म्हणून या गायकांची जितकी ध्वनिमुद्रणे मिळतील तितकी आत्तापासून ऐक, आणि तुला शिकवलेला पाठ त्यांच्या पाठापाशी कुठे निराळा होतो ते वहीत लिहून ठेव. कार्यक्रमात ओळ पहिल्यांदा येईल तेव्हा हलक्या गजाने मागोमाग जावे, दुसऱ्यांदा येईल तेव्हा पूर्ण सामील व्हावे. तुझा पाठ अधिक शुद्ध आहे असे तुला वाटले, तरी त्या संध्याकाळी गायकांचाच पाठ खरा.

रागालापनेविषयी, म्हणजे तालाविना केलेल्या रागविस्ताराविषयी, थोडे अधिक लिहिते, कारण नव्या व्हायोलिनवादकांच्या सर्वाधिक चुका मी तिथेच पाहिल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितारांचे बंधू बालुस्वामी यांनी हे पाश्चात्त्य वाद्य आपल्या संगीतात आणले आणि ते इतके रुजले, याचे मुख्य कारण असे की गजातून निघणारा अखंड स्वर कंठाच्या गमकांमागे, म्हणजे स्वरांच्या आंदोलनांमागे, सावलीसारखा जाऊ शकतो. हे सामर्थ्य आलापनेत सांभाळून वापरावे लागते. गायकाचा स्वरसमूह संपत आला की त्याचे शेपूट तेवढे उचलावे, तो श्वास घेतो तेव्हा विसाव्याचा स्वर मंद धरून ठेवावा, आणि तो तारषड्जाकडे निघाला आहे हे ओळखू आले तरी त्याच्या आधी तिथे पोहोचू नये. मोठा गायक त्या षड्जाची तयारी कित्येक मिनिटे करत असतो. साथीदाराने तो आधीच लावला, तर त्या तयारीची सारी किंमत निघून जाते.

मग तुझी पाळी येईल. त्यांनी तोडी किंवा भैरवी वीस मिनिटे गायली असेल, तर तुला आठ-दहा मिनिटे पुरेत. त्यांनी रागाची जी बाजू दाखवली तिच्याशी नाते ठेवून वाजव. त्यांनी मंद्रात बराच काळ घालवला असेल, तर तुला द्रुत फिरती करून टाळ्या मिळवण्याचा मोह होईल, पण त्याने त्यांनी उभे केलेले वातावरण मोडते. राग अपरिचित असेल तर षड्ज-पंचमाचा आधार देत थांबावे आणि चलन स्पष्ट होईपर्यंत स्वतःचे काही जोडू नये. जाणते गायक अपूर्व, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागाचे नाव आधी हळूच सांगतात. न सांगितल्यास विचारण्यात कमीपणा नाही.

व्हायोलिनवादक ए. कन्याकुमारी यांनी गायिका एम. एल. वसंतकुमारी यांना वर्षानुवर्षे केलेली साथ या दृष्टीने ऐक. २०१६ साली मद्रास म्युझिक अकॅडमीचा संगीत कलानिधी हा सन्मान कन्याकुमारी यांना मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला व्हायोलिनवादक ठरल्या. गायिका थांबते तेव्हा व्हायोलिन किती बोलते, एवढ्याकडेच लक्ष ठेवून ती ध्वनिमुद्रणे ऐकावीस.

कल्पनास्वरांत, म्हणजे कृतीच्या एका ओळीवर आयत्या वेळी सुचलेले सरगम गाण्याच्या भागात, तुझी खरी परीक्षा आहे. गायक आधी धीम्या गतीत एका आवर्तनाचे स्वर घेतील, नंतर दुप्पट गतीत लांबी वाढवत नेतील, आणि प्रत्येक वेळी ओळीच्या त्याच अक्षरावर परततील. उत्तराची लांबी त्यांच्याइतकीच असावी आणि ते ज्या स्वरावर थांबले त्याच स्वरावर तूही थांबावेस. ओळ समेवर उठत नसेल, समजा दीड अक्षर, म्हणजे तालाचे दीड ठोके, सोडून उठत असेल, तर ती जागा अंगात मुरलेली हवी. दोन कळैच्या, म्हणजे प्रत्येक अक्षर दुप्पट लांब धरलेल्या, आठ अक्षरांच्या आदी तालात एका आवर्तनाच्या चौसष्ट मात्रा होतात. त्या मोजत बसलीस तर राग हातून सुटेल, म्हणून हाताने ताल देत, तोंडाने स्वर म्हणत रोज अर्धा तास घालव, व्हायोलिन पेटीतच राहू दे. कोरैप्पू, म्हणजे आळीपाळीच्या स्वरांची लांबी घटवत नेणे, सुरू झाला की आठ, चार, दोन, एक अशी अक्षरे घटत जातात, आणि तिथे चढाओढीचा भास होत असला तरी गायकाला हरवणे हा कुणाचाच हेतू नसतो. शेवटची कोर्वै, म्हणजे हिशेबाने बांधलेली समाप्तीची स्वररचना, तू ओळखलीस तर तिसऱ्या फेऱ्यात त्यांच्याबरोबर ये. ओळखता आली नाही, तर थांब आणि ओळीवर मिळून घे.

मृदंगाविषयी तुझ्या मनात थोडा गोंधळ दिसतो, आणि ख्यालाची सवय झालेल्या आपल्या कानांना तो होणे साहजिक आहे. तबल्याचा ठेका सम आणि खाली सतत ऐकवत असतो. मृदंगम् असा ठेका धरत नाही. ताल गायकाच्या हातावर असतो: आदी तालात एक टाळी, तीन बोटे, मग टाळी आणि पालथा हात अशा दोन जोड्या. मृदंगवादक त्या हाताभोवती कृतीच्या चालीला धरून वाजवतो, अनुपल्लवीत, म्हणजे कृतीच्या दुसऱ्या भागात, नाद बदलतो, ओळीच्या विसाव्यावर जागा भरतो. त्यामुळे तू गायकाचा हात दिसेल अशा कोनात बसायला हवे. बसण्याच्या जागा किरकोळ समजू नकोस. मृदंगवादक गायकाच्या उजवीकडे बसतो तो मृदंगाचे उजवे तोंड श्रोत्यांकडे यावे म्हणून. मृदंगवादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै डावखुरे असल्यामुळे त्यांना दुसऱ्या बाजूला बसावे लागे आणि व्हायोलिनवादकाला आपली जागा सोडावी लागे, त्यावरून एवढ्या मोठ्या कलावंताला अडचणी सोसाव्या लागल्या. तुला कधी असे सरकावे लागले, तर आनंदाने सरक.

तनी आवर्तनम् हा मृदंगाचा आणि घटम् (मातीचा घडा) किंवा कंजिरा (लहान खंजिरी) असल्यास त्यांचाही काळ आहे. त्या वेळी तारा जुळवणे, पाणी पिणे, सभागृहात ओळखीचे चेहरे शोधणे यांपैकी काहीही करू नकोस. गज खाली ठेव आणि गायकांबरोबर हाताने स्वच्छ ताल दे. अवघड गणित मांडणाऱ्या वादकाला समोर दोन हात एकसारखे पडताना दिसले की त्याला किती धीर येतो, हे मृदंगवादकांनी मला अनेकदा सांगितले आहे.

शेवटच्या भागात बहुधा एखादा अभंग येईल. तंजावूरच्या मराठा राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत, आणि त्यानंतरही मराठी कीर्तनाचा तिकडच्या हरिकथेवर मोठा प्रभाव पडला, त्यामुळे तमिळ गायकाच्या तोंडी तुकोबा येणे यात उपरे काही नाही. त्यांचा एखादा उच्चार तुला खटकेल, पण व्यासपीठावर तो दुरुस्त करू नये. त्यांनी नंतर विचारलेच, तर प्रेमाने सांगावे. आपल्या भजनातल्या चालीचे तुकडे मध्येच वाजवण्याचा मोहही आवर. मंगलम्, म्हणजे सांगतेची रचना, संपेपर्यंत गज हातात असू दे, कारण काही गायक त्याआधी एखादी छोटी रचना अचानक सुरू करतात.

कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मिळाले की दोन दिवस जाऊ दे आणि मग ऐक. तुझे उत्तर कुठे उशिरा आले, कुठे लांबले आणि कुठे तू गायकांच्या आधी पोहोचलीस, त्या जागा कृतीच्या नावासह लिहून मला पाठव. पुढच्या धड्याला आपण तिथूनच सुरुवात करू.

तुझी,
गुरुभगिनी